लोकरीला मोल नसते तेव्हा

शास्त्रपाठ : यहेज्केल ३४:१-१६; योहान १०:११-१५



यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएलाच्या मेंढपाळांवर जो आरोप ठेवला आहे, तो आपण अनेकदा वाचला असेल. हे मेंढपाळ कळपातील पुष्ट मेंढरे खातात, त्यांच्या लोकरीची वस्त्रे अंगावर घालतात, परंतु कळपाला मात्र चारत नाहीत. दुर्बलांना त्यांनी बळ दिले नाही, मोडलेल्यांना पट्टी बांधली नाही, हरवलेल्यांचा शोध केला नाही. हा आरोप वाचताना आपले लक्ष बहुधा शेवटच्या शब्दांकडे जाते. लोकरीचा उल्लेख आपण ओलांडून पुढे जातो. मीही अनेक वर्षे तसाच पुढे जात असे. परंतु आयुष्याच्या उतरणीवर देवाने मला ज्या ठिकाणी आणून ठेवले, तेथे त्या एका शब्दाने मला थांबविले.

शाळेतील नोकरी संपल्यावर सातारा जिल्ह्यातील आमचे गाव सोडून मी मुलाकडे बेंगळुरूस आलो. आमचे घर हेब्बाळला आहे. एके काळी शहराच्या उत्तरेस असलेले हे तळ्याकाठचे गाव आज शहराच्या पोटात आले आहे. बळ्ळारी रस्त्यावरील उड्डाणपुलावरून विमानतळाकडे जाणाऱ्या मोटारींची रांग रात्रीही तुटत नाही. अशा ठिकाणी मेंढरांची आठवण होण्याचे कारण काय, असे आपणांस वाटेल. परंतु जनावरांच्या आरोग्याची आणि मेंढपाळांच्या धंद्याची फार मोठी काळजी याच हेब्बाळात वाहिली जाते. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले. त्याच्याही पूर्वी, १९२५ साली, म्हैसूर संस्थानाने बुळकांड्या रोगावर लस-रक्तजल तयार करण्यासाठी संस्था काढली. आज ती संस्था गाईगुरांबरोबर शेळ्यामेंढ्यांसाठीही लसी तयार करते. कर्नाटकाच्या मेंढी व लोकर विकास महामंडळाचे कार्यालयही हेब्बाळातच आहे. रोज सकाळी फिरावयास निघालो की या आवारांच्या भिंतींवरून माझी दृष्टी जाते, आणि मन मात्र कृष्णाकाठच्या आमच्या शेतात जाऊन पोहोचते. त्या शेतात दरवर्षी धनगरांचा वाडा उतरत असे.

मेंढपाळाचे वर्ष

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळजण शहरात राहतात. तेव्हा मेंढपाळाचे वर्ष कसे जाते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण शास्त्रातील मेंढपाळ समजून घ्यावयाचा तर या वर्षातूनच चालत जावे लागते.

पावसाळ्यात माणदेशचा मेंढपाळ आपल्या घरी असतो. सह्याद्रीच्या आड असलेल्या त्या कोरड्या मुलखात पाऊस बेताचा पडतो, माळावर गवत उगवते आणि चिखल फारसा होत नाही. दख्खनी मेंढीला हेच मानवते. ओल्या जमिनीत सतत उभे राहिल्याने तिचे खूर सडतात. पाणथळ जागी चरल्याने यकृतात चपटे कृमी होतात. नव्या कोवळ्या गवतावर अधाशीपणे चरल्यास आंत्रविषाराने धडधाकट मेंढरू एका दिवसात मरते. म्हणून त्या रोगाची लस पाऊस सुरू होण्यापूर्वी टोचावी लागते. सगळीकडे हिरवे दिसते, तेव्हाच मेंढपाळाला अधिक सावध राहावे लागते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मेंढरे नदीत धुऊन त्यांची लोकर कातरतात. मग माळावरचे गवत आणि पाणी आटू लागते आणि वाडा निघतो. पाच-दहा कुटुंबे, शेकडो मेंढरे, घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, पुढे-मागे कुत्री. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात, काही कृष्णा-नीरेच्या खोऱ्यांतच फिरतात. सुगी झालेल्या शेतात रात्री मेंढरे बसवावयाची, त्यांच्या लेंड्यांनी व मुताने जमिनीला खत मिळते, त्याच्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. रात्री भोवती वाघर लावतात, म्हणजे दोरीच्या जाळ्याचे कुंपण. एका बाजूला लांडगा आणि दुसऱ्या बाजूला चोर, यांच्यामध्ये हे जाळे, कुत्री आणि एक जागा माणूस एवढेच असते. वाटेत मेंढ्या वितात. त्या दिवशी जन्मलेले कोकरू चालू शकत नाही. ते कोणी तरी उराशी धरतो, किंवा घोड्यावरच्या बिऱ्हाडात ठेवतो, आणि ओल्या मेंढीला हळूहळू चालू देतो. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातील मेंढपाळ मी पुस्तकात वाचण्यापूर्वी आमच्या बांधावर पाहिला होता.

उन्हाळा सर्वांत कठीण. गवत संपते, ओढे आटतात, झाडपाल्यावर दिवस काढावे लागतात. १९७२ च्या दुष्काळाची कथा आमच्याकडील मेंढपाळ अद्याप सांगतात. मग रोहिण्या-मृगाच्या वेळी वाडा पुन्हा घराकडे वळतो. याकोबाने आपल्या सासऱ्याला, लाबानाला, वीस वर्षांच्या चाकरीचा हिशेब ऐकविला (उत्पत्ती ३१), त्यात दिवसाचा ताप आहे, रात्रीचा गारठा आहे, उडालेली झोप आहे आणि श्वापदांनी फाडलेल्या मेंढराची भरपाई स्वतः करणे आहे. माणदेशच्या कोणत्याही धनगराला तो हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

कातरणीचा दिवस

या वर्षात एक दिवस सणासारखा असे, तो कातरणीचा. पवित्र शास्त्रातही तो तसाच आहे. यहूदा तिम्ना येथे कातरणीला जातो. कर्मेल येथे तीन हजार मेंढरांच्या धनी नाबालाच्या घरी कातरणीनिमित्त मेजवानी होते. नव्या लोकरीचा पहिला वाटा याजकाला द्यावा असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद १८:४), आणि आपल्या मेंढरांच्या लोकरीने गरिबाला ऊब मिळाली होती, हे ईयोब आपल्या निर्दोषपणाची साक्ष म्हणून सांगतो (ईयोब ३१:२०). लोकर म्हणजे कष्टाचे फळ, ते घरात येण्याचा तो दिवस.

आमच्याकडेही तसेच होते. दख्खनी मेंढीची लोकर थोडी असते. वर्षाकाठी अर्धा-पाऊण किलो. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढी चार-पाच किलो देते, तिच्यापुढे हे काहीच नाही. शिवाय ती जाडीभरडी आणि बहुधा काळी. परंतु त्याच लोकरीची घोंगडी सनगर विणीत. चिंचोक्याच्या खळीने ताणा कडक करीत. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर, जिला जावळ म्हणतात, तिचे घोंगडे विशेष मोलाचे. पावसात शेतकऱ्याच्या डोक्यावर, रात्री राखणदाराच्या अंगावर, घरी पाहुण्याच्या बैठकीखाली तेच घोंगडे. इकडे कर्नाटकात कुरुब समाजाचे मेंढपाळ आणि चळ्ळकेरेसारख्या गावांची कांबळी यांचाही हाच संबंध आहे. भाषा निराळी, मेंढरू तेच.

आता ते दिवस गेले. कृत्रिम धाग्याची रंगीत ब्लँकेटे स्वस्त झाली. पानिपतच्या गिरण्यांतून जुन्या कपड्यांच्या धाग्यांची ब्लँकेटे गावोगावच्या बाजारात आली. घोंगडे विणणारे हात कमी होत गेले आणि दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. आज मेंढपाळाचे पोट कोकरांच्या विक्रीवर चालते. लोकरीचा पैसा कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाही, आणि कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर तशीच रानात पडून राहते.

काही वर्षांपूर्वी फाल्गुनात मी गावी गेलो असता आमच्या शेताशेजारी एक वाडा उतरला होता. माझ्या लहानपणी जो वृद्ध धनगर आमच्याकडे येत असे, त्याचा मुलगा आता स्वतः वृद्ध झालेला. त्याच्या मेंढरांची कातरणी चालली होती. एकेक मेंढी आडवी पाडून कात्री चालवीत होते आणि ती मुकाट्याने पडून राहत होती. बाजूला काळ्या लोकरीचा ढीग पडला होता. मी विचारले, "ही लोकर कोण घेतो आता?"

"कोनी घेत न्हाई, गुरुजी."

"मग पदरचे पैसे घालून कातरता कशाला?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू एवढ्या शिकलेल्या माणसाने असे काही विचारावे याचे त्याला नवल वाटले.

"लोकरीसाठी न्हाई कातरत, गुरुजी. मेंढरासाठी कातरायची. न्हाई कातरलं तर उन्हात जीव घाबरा हुतो, गोचीड हुतात, जखम झाली तर लोकरीखाली किडं पडत्यात, दिसत बी न्हाईत. लोकर इकू दे नायतर न इकू दे. मेंढरू आपलं हाय न्हवं?"

मेंढपाळाची परीक्षा

वाचकहो, हे उत्तर ऐकले आणि यहेज्केलाचा अध्याय माझ्यापुढे निराळा उघडला. परमेश्वर ज्या मेंढपाळांवर कोपला, ते लोकर घेत होते म्हणून कोपला नाही. लोकर घेणे हा मेंढपाळाचा हक्कच आहे; कळप राखून त्याचे दूध कोण घेत नाही, असे पौलही करिंथकरांस विचारतो. त्यांचा अपराध हा की, त्यांना लोकरीपुरतेच मेंढरू दिसत होते. लोकर देणारे मेंढरू त्यांच्या गणतीत होते. दुर्बल, रोगी, मोडलेले, भटकलेले मेंढरू काही देत नव्हते, म्हणून ते त्यांच्या गणतीतून गळले. चांगल्या सुगीत सर्वच मेंढपाळ सारखे दिसतात. लोकरीला भाव असतो तेव्हा मजुरीचा मेंढपाळही कात्री हाती घेतो. लोकरीला मोल नसते तेव्हा कोण कातरतो, हीच मेंढपाळाची परीक्षा होय.

येथे मला माझ्याविषयी काही सांगितले पाहिजे. सांगण्यास संकोच वाटतो, परंतु ते न सांगता हे मनन पुरे करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

शाळेतील नोकरीच्या काळात बारा वर्षे मी एका लहान मंडळीचा खजिनदार होतो. हिशेबाचा मी काटेकोर. एका पैशाची चूक कधी निघाली नाही. सभासदांच्या वर्गणीची वही माझ्याकडे असे. ज्यांची वर्गणी दोन वर्षे थकली त्यांची नावे निराळ्या पानावर काढण्याची पद्धत मीच सुरू केली. त्या पानावर एका वस्तीवरील एक विधवा आजी होती. पूर्वी ती कापणीच्या उपकारस्तुतीला डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन पाच मैल चालत येत असे. पुढे ती येईनाशी झाली, ज्वारीही आली नाही, आणि तिचे नाव मी त्या पानावर लिहिले. पाळकसाहेब माझ्या वहीवरूनच भेटींची यादी करीत. थकलेल्यांच्या पानावरून यादी करावी हे त्यांना मी कधी सुचविले नाही, आणि त्यांच्याही ध्यानात आले नाही.

पावणेतीन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या वस्तीवर जाण्याचा प्रसंग आला, म्हणून मी तिच्या घरी डोकावलो. तिची एक बाजू अर्धांगाने गेली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. मला ओळखून म्हणाली, "लई दिसानं आलासा, गुरुजी." मी काही बोलणार, तोच तिने विचारले, "माझी वर्गणी ऱ्हायलीया म्हणून पाळकसाहेब येत न्हाईत व्हय?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिला ते योग्यच वाटत होते. माझ्या वहीने तिला एवढे शिकविले होते की, देवाच्या घरी तिची जागा तिच्या ज्वारीच्या पाटीइतकी आहे. प्रभुभोजन तिला जवळजवळ तीन वर्षे मिळाले नव्हते. पुढच्याच रविवारी पाळक व आम्ही दोघे-तिघे तिच्या घरी गेलो, तिला प्रभुभोजन दिले. त्यानंतर ती चार महिने जगली. त्या चार महिन्यांबद्दल मी देवाचे उपकार मानतो. परंतु त्या पावणेतीन वर्षांचा हिशेब माझ्या वहीत कोठेच बसत नाही.

उत्तम मेंढपाळ

तथापि, बंधुभगिनींनो, दाखल्याची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. माणदेशचा तो प्रामाणिक धनगर लोकरीची आशा न धरता मेंढरू कातरतो हे खरे. परंतु त्याला कोकरे विकावयाची आहेत हेही खरे. त्यात त्याचा दोष नाही, त्याचे घर त्यावरच चालते. पृथ्वीवरील प्रत्येक कळप अखेर मेंढपाळाच्या पोटासाठी असतो. शेवटी मेंढरू मरते आणि मेंढपाळ जगतो.

आपल्या प्रभूने हे उलट केले. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवितो आणि त्याची खूण सांगतो, ती ही की, असा मेंढपाळ मेंढरांकरिता आपला प्राण देतो. मोलकरी लांडगा येताना पाहून पळतो, कारण मेंढरे त्याची स्वतःची नसतात. आमच्या धनगराच्या शेवटच्या वाक्यात जो शब्द होता, तोच येथेही आहे: आपले. आणि हा मेंढपाळ मेंढरांच्या पंक्तीत इतका खाली उतरला की, यशयाने पाहिल्याप्रमाणे, कातरणाऱ्यांपुढे तोच मुका राहिला. ज्या वधस्तंभापाशी त्याची वस्त्रेही सैनिकांनी वाटून घेतली, तेथे त्याने आपल्यापासून काही घेतले नाही. देण्यासारखे आपल्याजवळ काही नव्हतेच.

येथे हेब्बाळात २०१८ साली एक जुना शिलालेख उजेडात आला. तो एक वीरगळ आहे. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील, सुमारे इ. स. ७५० चा. बेंगळुरूत मिळालेल्या कन्नड शिलालेखांत तो सर्वांत जुना मानतात. परचक्र आले असता आपल्या मुलखासाठी लढून मेलेल्या किट्टय्या नावाच्या वीराचा तो स्मारकदगड. आपल्या महाराष्ट्रातही गावोगाव असे वीरगळ उभे आहेत. गुरे सोडवून आणताना पडलेल्या वीरांचेही त्यांत पुष्कळ आहेत. दुसऱ्यासाठी प्राण देणाऱ्याला आपल्या लोकांनी कधी विसरू दिले नाही. परंतु हे दगड गेलेल्यांचे आहेत. आपला मेंढपाळ प्राण देऊन पुन्हा उठला, आणि आजही कळपापुढे चालतो. म्हणून त्याची आठवण करणे म्हणजे दगडाला फूल वाहणे नव्हे, तर त्याच्या मागे चालणे होय.

आपल्यासाठी

त्याच्या मागे चालावयाचे तर काय करावे? तीन गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली, जे मंडळीत अधिकाराच्या जागी आहेत त्यांच्यासाठी. आपल्या कळपाची स्थिती लक्ष घालून जाणून घ्यावी, असे नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात सांगितले आहे. पाळकसाहेब, वडीलजनहो, या आठवड्यात सभासदांची वही उघडा आणि थकलेल्यांच्या पानावरून भेटींना सुरुवात करा. पावतीपुस्तक मात्र घरी ठेवून जा.

दुसरी, प्रत्येक घरासाठी. घरातही एक कळप असतो. ज्या आईबापांचे पेन्शन बंद झाले, ज्या भावाचे काम सुटले, ज्या मुलाला अभ्यासात यश नाही, त्यांच्याशी आपले बोलणे पूर्वीसारखेच आहे काय? लोकरीच्या दिवसांत आपण त्यांना जवळ केले. आता कात्री हाती घेण्याची, म्हणजे त्यांचे न्हाणेधुणे, औषधपाणी, त्यांचे तेच तेच बोलणे ऐकणे, या कष्टाची वेळ आली आहे. जखम लोकरीखाली असते, वरून दिसत नाही, हे त्या धनगराचे शब्द विसरू नका.

तिसरी गोष्ट, हे वाचणाऱ्या त्या माझ्या भावासाठी किंवा बहिणीसाठी, ज्याला वाटते की आपल्यापाशी आता देण्यासारखे काही उरले नाही. हात थकले, आवाज गेला, मंदिरापर्यंत चालवत नाही, दानपेटीत टाकण्यास काही नाही. प्रिय बंधो, प्रिय भगिनी, कोणा माणसाच्या वहीने आपणांस काहीही शिकविलेले असो, उत्तम मेंढपाळाने आपले मोल लोकरीवरून केले नाही. शंभरांतील एक हरवले तेव्हा त्याने त्या एकाची लोकर किती भरेल हे विचारले नाही. तो शोधावयास गेला आणि खांद्यावर घेऊन आनंदाने घरी आला. आपण त्याचे आहात. एवढेच त्याला पुरेसे आहे, आणि तेवढेच आपल्यालाही पुरेसे असो.

प्रार्थना

हे प्रभो येशू, तू आमचा उत्तम मेंढपाळ आहेस. ज्यांना आम्ही त्यांच्या दानावरून मोजले आणि विसरलो, त्यांच्याविषयी आम्हांला क्षमा कर. थकलेल्यांच्या, आजाऱ्यांच्या व एकट्यांच्या दारी आमची पावले ने. आम्ही काही देऊ शकत नाही तेव्हाही आम्ही तुझे आहोत, हा विश्वास आमच्या अंतःकरणात दृढ कर. तू प्राण देऊन विकत घेतलेल्या कळपातील एकही मेंढरू आमच्या आळसाने हरवू देऊ नकोस. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.